गुणपत्रिकेतले चढउतार, दाखल्यातला रकाना

(नीट देणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर नगरमध्ये केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. कुठला क्लासही चालवत नाही. मी इंजिनीअर आहे, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण गेली काही वर्षं जूनपासून दिवाळीपर्यंत माझे शनिवार-रविवार मुकुंदनगर, कोठला, भिंगार इथल्या मुलामुलींचे मेडिकल प्रवेशाचे फॉर्म भरण्यात जातात. सुरुवात घरातल्याच एका फॉर्मपासून झाली, मग शेजारी आले, मग शेजाऱ्यांचे पाहुणे आले. या कामात मला एक सवय लागली, ती म्हणजे माहिती पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. आमच्या धंद्यातही अशा पुस्तिका असतात आणि तिथेही त्या कोणी वाचत नाही. त्यामुळे जो वाचतो त्याला लोक हुशार समजतात. माझी हुशारी तेवढीच आहे.

माझ्याकडे येणाऱ्या घरांत एक प्रश्न ठरलेला असतो. "भाई, दहावीला ८६ टक्के होते, अकरावीत गाडी घसरली, बारावीला कसेबसे ४५ आले. आता डॉक्टरकीचा विषय संपला ना?" कधी मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असते, पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिलेले असतात, आणि तिला पुन्हा नीट द्यायची असते. आई हळूच विचारते, "ते केटी लागलेलं तिथे दिसतं का?" हे विचारताना आवाज असा असतो, जणू पोलिसांत नोंद आहे.

आज मला याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. ते दोन भागांत आहे. पहिला भाग ऐकून तुम्हाला बरं वाटेल. दुसरा भाग ऐकून काही जण घरी जाऊन कपाटातली जुनी पिशवी काढतील.

पहिला भाग. आम्ही प्रोग्रॅम लिहितो तेव्हा माहितीवर दोन वेगळ्या क्रिया करतो. एक गाळणी, म्हणजे फिल्टर. दुसरी क्रमवारी, म्हणजे सॉर्ट. गाळणी फक्त आत की बाहेर एवढंच ठरवते. आत आलेल्यांत पुढे कोण, मागे कोण, हे क्रमवारी ठरवते. एमबीबीएसच्या प्रवेशात तुमची बारावी ही गाळणी आहे. क्रमवारी फक्त नीटच्या गुणांवर लागते. लोक या दोन गोष्टींची खिचडी करतात आणि मग चांगली मुलं घरी बसतात.

गाळणीची भोकं केवढी आहेत ते बघा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी हे विषय हवेत आणि ते सगळे पास हवेत. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के हवेत, म्हणजे ३०० पैकी १५०. मागासवर्गीय प्रवर्गाला ४० टक्के, म्हणजे १२०. बस. ज्याला २९० आहेत तो आणि ज्याला १५२ आहेत तो, गाळणीतून खाली पडल्यावर दोघे एका ओळीत उभे असतात. दहावीचे गुण तर कुठेच मोजले जात नाहीत. दहावीचं सर्टिफिकेट लागतं ते जन्मतारखेसाठी आणि तुम्ही कुठल्या राज्यात शिकलात ते दाखवण्यासाठी.

बी.एस्सी.चं तर विचारूच नका. पात्रता बारावीवर पूर्ण होत असेल तर पदवीच्या तीन वर्षांत काय झालं याच्याशी प्रवेश समितीला देणंघेणं नाही. सातत्याने ए ग्रेड असो की प्रत्येक सत्रात एक विषय मागे असो, यादीतला तुमचा नंबर एकाही जागेने हलत नाही. मध्ये वर्षं गेली असतील तर कॉलेज गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतं, आणि बी.एस्सी.ला प्रवेश घेतलेला असेल तर तिथे अडकलेले मूळ कागद सोडवून आणावे लागतात. त्याची तयारी आधी ठेवा. पण ती कागदाची अडचण आहे, गुणांची नाही.

वय? वर्षाच्या ३१ डिसेंबरला १७ पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही. आधी २५ आणि ३० अशी मर्यादा होती, तिच्यावर कोर्टात वाद चालला होता, मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ती काढून टाकली. परीक्षा किती वेळा द्यायची यालाही बंधन नाही. आणि ज्यांनी अकरावीत बायोलॉजी सोडून गणित धरलं होतं, त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने जाहीर केलं की बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी जादा विषय म्हणून पास केला तरी चालेल. आधी यावर मुलं बाद होत होती.

म्हणजे आपली व्यवस्था तुमचा भूतकाळ जवळजवळ बघतच नाही. हे चांगलं की वाईट? माझं मत विचाराल तर दोन्ही. अमेरिकेत उलट आहे. तिथे आधी चार वर्षांची पदवी, त्या चार वर्षांतल्या प्रत्येक विषयाचे गुण, नापास झालेला विषयही कायम दिसणारा, त्यावर एमकॅट नावाची परीक्षा, शिफारसपत्रं, स्वतःबद्दलचा निबंध, मुलाखत. पहिल्या वर्षी पडलेला मुलगा पुढे सावरला असेल तर तिथे तो ते सांगू शकतो आणि समोरचा ऐकू शकतो. इथे तुमचं पडणं कोणी बघत नाही, तसं तुमचं सावरणंही कोणी बघत नाही. तीन तासांची परीक्षा, १८० प्रश्न, ७२० गुण. त्या दिवशी ताप असेल तर तापासकट.

या संदर्भात मला आपल्या मातीतलं एक उदाहरण नेहमी आठवतं. आनंदीबाई जोशी. शाळेचा खंड पडणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असेल? गोपाळराव टपाल खात्यात, बदल्यांवर बदल्या, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, पुढे बंगाल. मुलींनी शिकण्याला आजूबाजूचा विरोध. १८८३ साली अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फियातल्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजला अर्ज केला. त्या पत्रात त्यांनी साफ लिहिलं की तुमच्या सगळ्या अटींत मी बसत नसेन, पण माझी परिस्थिती वेगळी आहे, ती लक्षात घ्या. डीन रेचल बॉडली यांनी ते पत्र वाचलं आणि प्रवेश दिला. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. आज त्या नगरमधून अर्ज करत असत्या तर ते पत्र जोडायला फॉर्ममध्ये जागाच नसती. फाइल दोनशे केबीच्या आत, जेपीजी फॉरमॅटमध्ये, विषय संपला.

बरं, गुण खालीवर का होतात, याबद्दल दोन शब्द. आपल्या घरांत याचं खापर मोबाइलवर फुटतं. मोबाइल आहेच. पण मी बघितलेल्या निम्म्याहून जास्त मार्कशीटमध्ये घसरण अकरावीत सुरू होते, आणि त्याचं कारण समोर दिसतं. दहावी उर्दू किंवा मराठी माध्यमातून, आणि अकरावी सायन्स जवळपास सगळीकडे इंग्रजीत. जी मुलगी 'प्रकाशसंश्लेषण' किंवा उर्दूतून तोच धडा तोंडपाठ सांगत होती, ती फोटोसिंथेसिसच्या तासाला गप्प बसते. सर समजतात मुलगी ढ आहे. मुलीलाही तेच वाटायला लागतं. दीड वर्ष भाषेत जातं आणि बारावी येऊन ठेपते. हे गुण तिच्या बुद्धीचे नाहीत, तिच्या बदललेल्या माध्यमाचे आहेत. नीटचा पेपर मराठीत मिळतो, आणि सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर २०१८ पासून उर्दूतही मिळतो. पण मी सरसकट उर्दू-मराठीचा पर्याय घ्या असं सांगणार नाही. दोन वर्षं इंग्रजीत वाचून शेवटच्या दिवशी पारिभाषिक शब्द उर्दूत समोर आले तर जास्त गोंधळ होतो. ज्या भाषेत सराव केला त्याच भाषेत पेपर.

दुसरी तऱ्हा २०२१ च्या बॅचची. कोविडमुळे बारावीची परीक्षाच झाली नाही. दहावीचे ३०, अकरावीचे ३०, बारावीचे ४० असा हिशोब लावून निकाल दिला गेला. कित्येकांच्या मार्कशीट फुगल्या, काहींच्या विनाकारण आकसल्या. त्यातली काही मुलं आज पदवी घेऊन पुन्हा नीटकडे वळलेली आहेत. त्यांना एवढंच सांगतो की गाळणी पार झाली असेल तर त्या आकड्याकडे पुन्हा बघू नका.

आता ज्याला गाळणीच पार करता येत नाही त्याचं काय? राज्य मंडळात श्रेणीसुधार योजना आहे. पास झालेल्या विद्यार्थ्याला गुण वाढवायला पुन्हा परीक्षेला बसता येतं. नापास विषयासाठी पुरवणी परीक्षा आहे. १४० आहेत आणि १५० हवेत, अशा मुलाने नीटच्या सरावासोबत श्रेणीसुधारचा फॉर्म भरायचा. या दहा गुणांसाठी माणसं वर्षभर रडतात आणि फॉर्मची तारीख मात्र निघून जाते.

इथे पहिला भाग संपला. दुसरा भाग कागदांचा. आपल्या समाजात मार्कशीटमधल्या चढउतारांपेक्षा दाखल्यातले चढउतार जास्त जीवघेणे आहेत, असं मी इतक्या वर्षांत बघितलं आहे.

एक मुलगी होती. नाव, मोहल्ला काही सांगत नाही. घर बागवानांचं, वडिलांची भाजीची गाडी. बारावीला फिजिक्स ३८, केमिस्ट्री ४६, बायोलॉजी ५१. बेरीज १३५. आता मगाशी सांगितलेली गाळणी आठवा. खुल्या प्रवर्गात १५० लागतात, ही बाहेर. ओबीसीत १२० लागतात, ही आत. मार्कशीट तीच, मुलगी तीच. ती मेडिकलला अर्ज करू शकते की नाही हे तिच्या मेंदूवर नाही, एका कागदावर ठरणार होतं. जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी, ज्याला आपण व्हॅलिडिटी म्हणतो.

तिच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात काय होतं? 'मुस्लिम'. वडिलांच्या दाखल्यावर 'मुसलमान'. आडनाव शेख.

हे दृश्य इथे बसलेल्या किती घरांत आहे? हात वर करू नका, मला माहीत आहे. शाळेत नाव घालताना मास्तर विचारतात जात कोणती, आणि आपले लोक अभिमानाने सांगतात, आम्ही मुसलमान, आमच्यात जात नसते. धर्माची शिकवण म्हणून ते बरोबरच आहे. पण सरकार तुम्हाला धर्मावर आरक्षण देत नाही. २०१४ मध्ये महाराष्ट्रात मुस्लिमांसाठी ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता, शिक्षणातल्या भागाला हायकोर्टाने स्थगितीही दिली नव्हती, पण त्याचं कायद्यात रूपांतर झालं नाही आणि तो संपला. आज जे आहे ते मागासलेल्या जातींना आहे, मग त्या जातीचा माणूस नमाज पढो की आरती करो. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी, मोमीन, कुरेशी, मणियार हे ओबीसीत. छप्परबंद विमुक्त जातींत. हे सहज मिळालेलं नाही. मंडल आयोगानंतर १९९० च्या दशकात जालन्याचे शब्बीर अन्सारी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, आणि अभिनेते दिलीपकुमार तिच्या सभांना येत होते. त्या सभांतून जे मिळालं ते आपण दाखल्यावर 'मुसलमान' लिहून परत करतो.

आडनावाबद्दलही बोलतो. शेख, सय्यद, पठाण ही आडनावं बघून लोक ठरवतात की आपण खुल्या प्रवर्गात. आपल्या भागात बागवानाचं आडनाव शेख असतं, पिंजाऱ्याचंही शेख असतं. आडनाव म्हणजे जात नाही. आजोबा काय काम करायचे, त्यांना गावात काय म्हणत, लग्नं कोणात होतात, तिथून शोध सुरू करा.

त्या मुलीच्या बाबतीत आम्ही काय केलं ते सांगतो, कारण तोच रस्ता बहुतेकांचा आहे. ओबीसीसाठी पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहत असल्याचा लागतो. विमुक्त जाती-भटक्या जमातींना तारीख २१ नोव्हेंबर १९६१. म्हणजे वडिलांचे कागद बहुतेकदा पुरत नाहीत, आजोबांपर्यंत जावं लागतं. तिचे आजोबा शाळेत गेलेच नव्हते. मग वंशावळ काढली. आजोबांचे धाकटे भाऊ शेवगाव तालुक्यातल्या एका गावात चौथीपर्यंत शिकले होते, हे घरातल्या एका म्हाताऱ्या फुफूने सांगितलं. वडील भाजीची गाडी दोन दिवस बंद ठेवून त्या गावी गेले. जिल्हा परिषदेच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर होतं, वाळवीने कडा खाल्लेलं, पण पान शाबूत. १९५० च्या दशकातली नोंद, मोडी वळणाच्या अक्षरात: मुसलमान, आणि पुढे 'बागवान'. त्या एका शब्दाच्या उताऱ्यावर शाळेचा शिक्का मिळाला. तहसील कार्यालयातून गाव नमुना १४ चा, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा काढला. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र केलं. जात प्रमाणपत्र प्रांत कार्यालयातून मिळालं, मग पडताळणी समितीकडे अर्ज. सहा-सात महिने गेले. कुठल्या कार्यालयात किती हेलपाटे झाले ते मी मोजलं नाही, तिच्या वडिलांनी मोजलं आहे.

कोणाच्या चुलत्याला, आत्याला, सख्ख्या चुलत भावाला व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर हा प्रवास खूप सोपा होतो. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला एक व्हॅलिडिटीधारक म्हणजे अर्धं काम. म्हणून घरात ज्याची झाली असेल त्याने प्रत लपवून ठेवू नये. माझ्या बघण्यात भावाभावांत जमिनीवरून बोलणं बंद आणि त्यापायी पुतण्याची व्हॅलिडिटी अडकली, असं झालेलं आहे.

ही मुलगी पुढे काय झाली, हे तुम्ही विचारणारच. व्हॅलिडिटी आली तेव्हा तिची दुसरी नीट तोंडावर होती. बायोलॉजी तिचा पक्का होता, आणि नीटमध्ये ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे, फिजिक्सचे १८०. जिला फिजिक्स जमत नाही पण बायोलॉजी जमतं, तिच्यासाठी नीट बारावीपेक्षा सोयीची परीक्षा आहे, हा हिशोब तिला बोर्डाच्या ३८ गुणांमुळे कधी दिसलाच नव्हता. दुसऱ्या प्रयत्नात थोडक्यात हुकलं. तिसऱ्यात मराठवाड्यातल्या एका सरकारी कॉलेजात लागली. पहिलं वर्ष पास झाली.

कागदांतल्या बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. नॉन-क्रीमी लेयर ३१ मार्चपर्यंतचं असतं, नवीन काढावं लागतं. राज्याच्या ८५ टक्के जागांना राज्याचं प्रमाणपत्र, आणि १५ टक्के अखिल भारतीय जागांना केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र. दोन्ही वेगळी. राज्याच्या यादीतली प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, नाव शोधून बघा. जे खरोखर खुल्या प्रवर्गात आहेत आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे त्यांनी ईडब्ल्यूएस काढावं, पण बारावीला त्यांना ५० टक्केच लागतात, तिथे सवलत नाही. आणि ज्यांची मुलं अजून शाळेत आहेत त्यांनी या आठवड्यात शाळेत जाऊन दाखल्याचा रकाना बघावा. शाळेत असताना दुरुस्ती होते. शाळा सोडल्यावर तेच काम डोंगराएवढं होतं.

एक चूक हुशार मुलांच्या घरांत होते. दहावीला ९५ पडले की मुलाला कोटा किंवा हैदराबादला पाठवतात आणि बारावीचा प्रवेशही तिकडच्याच शाळेत घेतात. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी डोमिसाइल तर लागतंच, पण सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून पास लागतात. अशा मुलाची मार्कशीट चकचकीत आणि घरचा कोटा बंद. क्लासला कुठेही जा, लातूरला जा, कोट्याला जा. बारावीचा फॉर्म महाराष्ट्रात भरा.

आता पैशाचं. २०२५ ला नीटचा खुल्या प्रवर्गाचा पात्रता गुण १४४ होता. ७२० पैकी १४४. निकालाच्या संध्याकाळी १५० वाल्या मुलाच्या घरी फोन सुरू होतात, "अभिनंदन, तुमचा मुलगा क्वालिफाय झाला." क्वालिफाय म्हणजे प्रवेश नव्हे. क्वालिफाय म्हणजे तुम्हाला रांगेत उभं राहायची परवानगी, आणि पैसे असतील तर पैसे भरायची परवानगी. परीक्षेला त्या वर्षी २२ लाख मुलं बसली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यात सरकारी साधारण निम्म्या. सरकारी जागेचा आकडा १४४ पासून खूप खूप वर असतो.

आपल्याच जिल्ह्यात बघा. लोणीचं प्रवरा हे अभिमत विद्यापीठ. तिथे राज्याचा ८५ टक्के कोटा चालत नाही, प्रवेश केंद्राच्या समितीमार्फत होतात. विळद घाटातलं विखे पाटील फाउंडेशनचं कॉलेज खासगी, राज्याच्या फेरीतलं. सरकारी मेडिकल कॉलेजला राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये चौंडीच्या बैठकीत मंजुरी दिली. इतका मोठा जिल्हा, चौदा तालुके, आणि मंजुरीलाच इतकी वर्षं. अभिमत आणि खासगी यातला फरक मुलींच्या पालकांनी खास समजून घ्या. २०२४ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी राज्य सरकार भरतं. खासगी कॉलेजात सरकारी फेरीतून लागली तरी. पण अभिमत विद्यापीठात नाही आणि मॅनेजमेंट कोट्यातही नाही. एकाच रस्त्यावरची दोन कॉलेजं, एकीकडे फी माफ आणि दुसरीकडे वर्षाला वीस लाखांची गोष्ट, असं होऊ शकतं.

फोन करणारे दुसरा पर्याय परदेशाचा देतात. मी परदेशाच्या विरोधात नाही. पण नियम हा की नीट पात्र हवं, अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजीतून आणि एकाच संस्थेत हवा, आणि परत आल्यावर एफएमजीई पास व्हावी लागते. अनेक सत्रांत ही परीक्षा देणाऱ्यांपैकी जेमतेम एक पंचमांश पास झालेत. आणि इथे मी पालकांना एक कडू गोष्ट सांगतो. प्रवेश समिती मुलाचं रेकॉर्ड बघत नाही म्हणून तुम्हीही बघू नका, असं नाही. समितीसाठी ते निरुपयोगी आहे, तुमच्यासाठी नाही. अकरावी, बारावी, तीन नीट, सगळीकडे आकडा जागचा हलत नसेल आणि त्यावर तुम्ही घर गहाण टाकून त्याला परदेशात पाठवत असाल, तर तो मुलगा तिकडून परत येऊन एफएमजीईच्या पेपरसमोर त्याच जागी बसणार आहे. मार्कशीटमध्ये खालीवर असणं वेगळं आणि सपाट असणं वेगळं. खालीवर असेल तर कारण शोधा, बहुतेकदा भाषा सापडते, आजार सापडतो, घरातलं एखादं वर्ष सापडतं. सपाट असेल तर मुलाशी बसून बोला.

किती प्रयत्न? माझं मत सांगतो, नियम नाही. बारावीनंतर पूर्णवेळ दोन. तिसरा द्यायचा तर बी.एस्सी. किंवा दुसऱ्या कशाला प्रवेश घेऊन, हाताशी काहीतरी ठेवून. त्या मुलीने तिसरा प्रयत्न बी.एस्सी.ला नाव घालूनच दिला होता आणि तिथला एक पेपर तिचा राहिला होता. तो पेपर आज कोणाला आठवतही नाही. बीएएमएस, बीएचएमएस, युनानीचं बीयूएमएस, फिजिओथेरपी यांचे प्रवेशही नीटवरच होतात, नर्सिंगची राज्याची वेगळी सीईटी आहे. युनानीची कॉलेजं पुण्यात आझम कॅम्पसला आहेत, मालेगावला मन्सुऱ्यात आहेत. हे पर्याय नाक मुरडून घेऊ नका. पण एमबीबीएस नाही मिळालं तर हे, असं मुलाला दिवसातून चारदा ऐकवूही नका.

आणि मुलींच्या बाबतीत हिशोब वेगळा लावला जातो, तो मला मान्य नाही. मुलगा ड्रॉप घेतो तेव्हा आपण म्हणतो तयारी करतोय. मुलगी ड्रॉप घेते तेव्हा नातेवाईक म्हणतात घरीच आहे ना, मग एक चांगलं स्थळ आलंय. तिच्या वह्या त्याच असतात, तास तेवढेच असतात. दोन प्रयत्न म्हणजे दोघांनाही दोन. आणि त्या दोन वर्षांत तिच्याकडून पाहुण्यांचा चहा आणि धाकट्यांचा अभ्यास करून घ्यायचा नसतो. मी फॉर्म भरताना मुलींना विचारतो, दिवसाचे किती तास मिळतात? उत्तर देताना त्या आधी आईकडे बघतात.

वेळ झाली आहे. मागच्या टेबलावर मी जोहरनंतर मगरिबपर्यंत बसलेलो आहे. सल्ल्यासाठी येणाऱ्यांनी मार्कशीट दाखवायची घाई करू नये. आधी तीन कागद आणा: मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला, आणि आजोबा किंवा त्यांच्या भावांपैकी कोणाचाही, कुठल्याही शाळेचा उतारा. उतारा नसेल तर गावाचं नाव आणि ते कोणत्या साली शाळेत होते याचा अंदाज लिहून आणा. ते घरात फक्त म्हाताऱ्या माणसांना माहीत असतं, तेव्हा आज रात्री फुफूला फोन लावा.